भोंग्याची मुकी बोली

भाजीबाजारात त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. तो भोंगा. लिलाव पुकारणारा. सकाळी कांद्याच्या ढिगावर चढून त्याने "बोला!" म्हटलं की पलीकडच्या गल्लीतल्या चहावाल्याच्या बशा खणखणतात, असं लोक म्हणत, आणि भोंगा ते कधी खोडून काढत नसे. का काढावं? देवाने एकच गोष्ट भरभरून दिली असेल तर ती काय ट्रंकेत घालून ठेवायची? घरातही तीच तऱ्हा. जेवताना त्याने मीठ मागितलं की भिंतीपलीकडून शेजारीण विचारायची, "मी देऊ का हो?"

आता अशा माणसाच्या मुलीने नोकरी कुठे धरावी? तळ्याकाठच्या राखीव जंगलात! जिथे फाटकावरच मोठ्या अक्षरांत पाटी: आवाज करू नये.

पोरीचं बाजारातलं नाव लवंगी. लहानपणी बटाट्याच्या पोत्यावर बसून बापाच्या मागोमाग "बोला, बोला" करायची, एवढीशी पण झणझणीत, म्हणून लवंगी. पुढे शाळा-कॉलेजात गेली आणि हळूहळू गप्प होत गेली. मग जंगलखात्याची परीक्षा काय दिली, निवड काय झाली, आणि गेली ती थेट त्या तळ्यावर. सुटीत घरी यायची, दोन घास खायची, आईशी स्वयंपाकघरात कुजबुजायची आणि परत जायची. "तिकडे करतेस तरी काय?" असं भोंगा विचारायचा, आणि तिने तोंड उघडायच्या आत "अगं, आमच्या बाजारात काय झालं माहीत आहे का!" म्हणून स्वतःच सुरू व्हायचा.

भोंग्याच्या पोटात काही राहत नसे. पण एक गोष्ट मात्र त्याने आजवर कुणाला, अगदी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. त्याची पक्की खात्री होती, की पोर आपल्या आवाजाला कंटाळून, आपली लाज वाटून त्या मुक्या जागी पळाली. रात्री डोळा लागेपर्यंत हे त्याला टोचत राहायचं.

आणि एक दिवस तिचाच फोन आला.

"बाबा, यंदा पहिल्यांदाच आम्हाला घरचं एक माणूस तळ्यावर आणायला परवानगी मिळाली आहे. होडीतून नेणार, आमचं काम दाखवणार. तुम्ही याल?"

भोंगा चक्क गप्प झाला. बायको धावत आली, तिला वाटलं कुणी गेलंबिलं की काय.

"मी?" भोंगा म्हणाला. "आई नको?"

"आईला पुढच्या वर्षी. यंदा तुम्हीच या. पण बाबा, एक अट आहे..."

"कळली, कळली!" भोंगा इतक्या मोठ्याने ओरडला की लवंगीने फोन कानापासून लांब धरला असणार. "तोंड शिवून येतो!"

बायकोने कपाळाला हात लावला. "तुम्हाला नाही हो जमायचं. त्यापेक्षा मी जाते."

"मला बोलावलंय. माझं नाव घेऊन बोलावलंय."

निघताना तिने त्याच्या खिशात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी कोंबली. "हे बघा, बोलावंसं वाटलं की एक तोंडात टाकायची. पुन्हा वाटलं की दुसरी. पोरीची शोभा करू नका, पाया पडते तुमच्या." भोंग्याने खांद्यावर नेहमीचा रुमाल टाकला, पुडी चाचपली आणि बसमध्ये जाऊन बसला.

त्या रुमालाचं इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाजारात लिलाव चालतो उघड, तोंडाने. पण मोठा माल असला की दर चारचौघांना कळू द्यायचा नसतो. मग दोघं हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि खाली बोटं बोलतात. धरली तितकी बोटं, तितका आकडा. अंगठा दाबला की उजवा ढीग, करंगळी दाबली की डावा. तळहातावर नख ओढलं की सावध, माल आतून किडका आहे. आणि मनगट घट्ट धरलं की सौदा पक्का, आता मागे फिरणं नाही. वर चेहरे बघाल तर दोघंही आभाळाकडे बघत बसलेले! लवंगी हे सगळं बापाच्या मांडीवर बसून शिकली होती. घरी आई चिडलेली असली की टेबलाखालून बापाच्या तळहातावर नख ओढायची, आणि भोंगा निमूट पायताण बाहेर काढून ठेवायचा.

तळ्यावर पोचला तेव्हा फाटकात लवंगी उभी. हिरवा गणवेश, गळ्यात फडकं, डोक्यावर टोपी, कमरेला चाकू, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. दोन दांडगे रखवालदार तिला सलाम ठोकून बाजूला झाले. भोंग्याच्या तोंडात आलंच होतं, "अरे, ही माझी पोरगी!" त्याने घाईघाईने गोळी तोंडात टाकली.

"प्रवास बरा झाला?" तिने हळूच विचारलं. त्याने मान हलवली. तिला हसू आलं, पण ओठ मिटलेलेच राहिले.

होड्यांच्या खोलीत खिळ्यांना नारिंगी जाकिटं टांगली होती, कोपऱ्यात वल्ही उभी होती, ओल्या दोराचा वास येत होता. भिंतीवर तळ्याचा नकाशा, त्यावर लाल टाचण्या. भोंगा डोळे फाडून बघत होता. खिडकीतून जंगल थेट पाण्यात उतरलेलं दिसत होतं, झाडंच्या झाडं कमरेइतक्या पाण्यात उभी. काठावर हरणांचा कळप पाणी पीत होता आणि दोन पाणमांजरं एकमेकांची शेपटी ओढत चिखलात लोळत होती. ते बघून दुसरी गोळी तोंडात गेली.

लवंगीने सगळ्या पाहुण्यांना गोळा केलं. बोलली अगदी दबक्या आवाजात, पण सगळे कान देऊन ऐकत होते.

"मधल्या बेटावर चमच्यांची घरटी आहेत. चमचा म्हणजे चपट्या चोचीचा पांढरा पक्षी. सध्या घरट्यांत अंडी आहेत, कुठेकुठे पिल्लं. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. एक दचकला की सगळे उठतात, आणि ते उठले की कावळे आणि घारी अंड्यांवर तुटून पडतात. मागच्या वर्षी सहलीला आलेल्या कुणीतरी खुशीत टाळ्या वाजवल्या. अर्धी घरटी रिकामी झाली. म्हणून होडीत शब्द नाही, कुजबुज नाही, हात वर करणं नाही. यंदा एकही अंडं जाता कामा नये."

शेवटचं वाक्य बोलताना तिची नजर बापावर आली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या गळ्याची भीती वाटली.

त्यांच्या होडीत माणसं मोजकीच. पुढच्या टोकाला लवंगी, उजव्या हातात लांब बांबू घेऊन उभी. मागे वल्हं मारणारी बाई. मधल्या फळीवर भोंगा, आणि त्याला खेटून जनावरांचे डॉक्टर. डॉक्टर म्हणजे सुतळीसारखा बारीक माणूस, कपाळाला कायमची आठी. मांडीवर हिरवं फडकं पसरून बसले होते. पाणी उडू नये म्हणून असेल, असं भोंग्याला वाटलं. त्याने त्यांच्याकडे बघून हसून पाहिलं, तर डॉक्टरांनी नुसती पापणी हलवली.

होडी निघाली. वल्ह्याचासुद्धा आवाज नाही, बाईने त्याला चिंध्या गुंडाळल्या होत्या. आणि लवंगी! डावा हात पाठीमागे, पंजा उघडा, मान ताठ. 'बघा, साहेबासारखी हात मागे ठेवून उभी आहे,' भोंगा मनात म्हणाला. त्याला जरा दुखलंही. बाप मागे बसलाय आणि पोरगी वळूनसुद्धा बघत नाही.

मग बेट आलं आणि भोंगा दुखणंबिखणं विसरला. काय ते दृश्य! प्रत्येक फांदीवर घरटं, घरट्यात पांढरा शुभ्र पक्षी. नर येतोय, मादी उठतेय, काडी देतोय, घेतेय. भरलेला बाजारच तो, फक्त झाडावरचा. पिल्लांच्या चोची अजून धड चपट्या झालेल्या नव्हत्या आणि आईबापांच्या घशात खुशाल घुसत होत्या. हे सगळं आपली लवंगी सांभाळते! एवढी पाखरं हिच्या भरवशावर डोळे मिटून अंड्यांवर बसतात! भोंग्याची छाती अशी भरून आली की जाकिटाचा पट्टा करकचला. बाजारातल्या एकेकाला इथे आणून दाखवावं, असं त्याला झालं. तिसरी गोळी.

आता लिलाव पुकारणाऱ्याची नजर कशी असते बघा. समोर गर्दी असते, गोंगाट असतो, आणि त्यात कुणी भुवई उचलली, कुणी नुसता अंगठा हलवला, तर ती बोली असते. ती चुकली तर बाजार बसू देत नाही. तेव्हा सगळी पाखरं आपापल्या उद्योगात असताना डाव्या हाताच्या लव्हाळ्यात एक पाखरू तेच तेच करतंय, हे भोंग्याला दिसायचंच होतं. अर्धा पंख उघडायचं, झटका द्यायचं, पडायचं. पुन्हा अर्धा पंख, पुन्हा झटका. मध्येच उन्हात काहीतरी चमकलं. गळाची नायलॉनची दोरी! कुणा चोरट्या मासेमाऱ्याची तुटून राहिलेली. पायाला आणि पंखाला गुरफटली होती, आणि ते पाखरू दर झटक्याला जास्तच अडकत होतं. शेजारच्या घरट्यांतली दोनचार पाखरं माना उंच करून बघायला लागली होती. अजून जरा वेळ, आणि कुणीतरी दचकलं असतं.

लवंगीची नजर उजवीकडे होती.

भोंग्याने श्वास घेतला. पोटापासून घेतला, जसा ढिगावर उभा राहून घ्यायचा तसा. "लवंगे, डावीकडे!" हे दोन शब्द घशात येऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांची सवय हो, काय सांगू! आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला ती घरटी दिसली, त्या चोची दिसल्या, आणि 'यंदा एकही अंडं जाता कामा नये' म्हणतानाचे पोरीचे डोळे दिसले. त्याने गोळी अख्खी गिळली, शब्दांसकट. डोळ्यांत पाणी आलं.

पण सांगायचं कसं? हात वर करायचा नाही. पुढे जायचं तर होडी डुलणार. आणि मग त्याचा हात आपोआपच, न विचारता, शेजारच्या फडक्याखाली शिरला. डॉक्टरांचा हात सापडला. भोंग्याने त्यांच्या तळहातावर करकरून नख ओढलं.

ओढलं आणि मग भानावर आला. मेलो! हे बाजारातले थोडेच आहेत? शिकला-सवरलेला डॉक्टर, अनोळखी माणसाने हात ओरबाडला तर आता ओरडेल, आणि सगळं खापर आपल्या डोक्यावर!

डॉक्टर ओरडले नाहीत. ते समोरच बघत राहिले. पण फडक्याखाली त्यांचा पंजा उघडला आणि बोटं भोंग्याच्या बोटांवरून फिरली: अंगठ्यावर थांबली, मग करंगळीवर. कुठला ढीग?

तळ्याच्या मध्यभागी, होडीत, हा सुतळी डॉक्टर आपल्याशी बाजारची बोली बोलतोय! भोंग्याने करंगळी दाबली. मग एकच बोट धरलं. डावीकडे, एक.

डॉक्टर पुढे झुकले आणि लवंगीच्या पाठीमागच्या उघड्या पंजावर त्यांनी नख ओढलं, करंगळी दाबली, एक बोट धरलं. तेव्हा भोंग्याला कळलं तो हात मागे का होता. लवंगीने पंजा मिटला. मान न वळवता नुसती नजर डावीकडे नेली, बांबू तळाशी रोवून होडी थांबवली आणि पाण्यात उतरली. थेंब उडाला नाही. छातीएवढ्या पाण्यातून ती इतकी सावकाश गेली की लव्हाळ्यातल्या पाणकोंबडीने तिला वाट करून दिली. गळ्यातलं हिरवं फडकं तिने त्या पाखराच्या डोक्यावर टाकलं. अंधार झाला तसं ते शांत झालं. कमरेचा चाकू निघाला. एक वेढा कापला, दुसरा कापला. पंख हाताने चाचपून पाहिला आणि फडकं काढलं. पाखरू जरा वेळ तिच्याकडे बघत राहिलं, मग उडून सरळ आपल्या घरट्यात जाऊन बसलं.

उंचावलेल्या माना एकेक करत खाली झाल्या. एकही पाखरू उठलं नाही, एकही कावळा खाली आला नाही. भोंग्याने खांद्यावरचा रुमाल काढून सबंध तोंडात कोंबला होता, नाहीतर "वाह रे माझी वाघीण!" सगळ्या तळ्याने ऐकलं असतं.

काठावर उतरल्यावर डॉक्टरांची आठी पहिल्यांदा सैल झाली. "काका, कमाल केलीत. तुम्हाला भोंगा येतो?"

"आँ?" रुमाल हातातच राहिला. "काय येतो?"

"भोंगा. ही बोटांची बोली. मॅडमनी सगळ्यांना शिकवली. भोंगा आल्याशिवाय आमच्यातल्या कुणाला होडीत पाय ठेवू देत नाहीत. मी तर दोनदा नापास झालो होतो." डॉक्टर हसले. "एवढ्या मुक्या बोलीचं नाव भोंगा का ठेवलं, ते मात्र मॅडम काही सांगत नाहीत."

भोंग्याने वळून बघितलं. लवंगी पायरीवर बसून बुटांतलं पाणी ओतत होती.

"मला कधी बोलली नाहीस," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना, इतका बारीक.

"कधी बोलणार? तुम्ही बोलू द्याल तर ना, बाबा!"

"अगं, मला वाटायचं..." एवढ्या वर्षांचं टोचणं एकदम ओठांवर आलं. "मला वाटायचं, माझ्या आवाजाला कंटाळून गेलीस. माझी लाज वाटून."

लवंगीचा हात बुटावरच थांबला. तिने बापाकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. मग ओले मोजे पिळले, उठली आणि म्हणाली, "चला, जेवायला."

जेवणाची खोली तळ्यापासून लांब, झाडीच्या पार मागे होती. तिथे बोलायला मुभा होती, पण सवयीने सगळे हळूच बोलत होते. एकेक जण उठून आपल्या माणसाची ओळख करून देत होता. हे माझे सासरे, मुख्याध्यापक होते. ही माझी मोठी बहीण, नर्स आहे. भोंगा ताटाकडे बघत बसला होता. 'हे माझे बाबा, भाजीबाजारात असतात,' म्हणेल आणि बसेल. म्हणू दे. आजचा दिवस दाखवला तेवढंच पुष्कळ झालं.

लवंगीची पाळी आली. ती उठली. उठून बाकावर चढली. रखवालदार एकमेकांकडे बघायला लागले. मॅडम आणि बाकावर?

तिने श्वास घेतला. भोंग्याने तो श्वास ओळखला. पोटापासून घेतलेला.

"बोलाऽऽ! बोला, बोला, बोला!"

ताटं थरथरली. डॉक्टरांच्या हातून पेला निसटला. ज्या बाईचा चढा आवाज तिथे आजवर कुणी ऐकला नव्हता, ती बाई बाकावर उभी राहून बाजार गाजवत होती.

"बघून घ्या! माल एक नंबर! आतून-बाहेरून एकसारखा! डाग नाही, कीड नाही, भेसळ नाही! ज्याच्या मांडीवर बसून मी बोटांनी बोलायला शिकले, ज्याच्या बोलीवर हे सगळं बेट उभं आहे, आज ज्याने गिळून टाकला आपला आवाज, तो हा भोंगा! माझा बाप! एक वार! दोन वार!" इथे तिने हात उंच केला आणि आवाज अजून चढवला. "आणि बोली लावायची नाही कुणी! हा माल विकायचा नाही!"

खोलीत टाळ्यांचा नुसता पाऊस. सगळे भोंग्याकडे बघत होते. आता हा बोलणार, आता छप्पर उडणार. भोंगा उठला, तोंड उघडलं, आणि गळ्यातून काही म्हणजे काही निघेना. तो तसाच चालत बाकापाशी गेला. खांद्यावरचा रुमाल लेकीच्या हातावर टाकला आणि त्याखाली तिचं मनगट घट्ट धरलं.

संध्याकाळी बस सुटण्याआधी बायकोचा फोन आला. "बोललात ना शेवटी?"

"नाही," भोंगा म्हणाला.

"खोटं! मग आवाज का बसलाय तुमचा?"

भोंग्याने नाक पुसलं. "अगं, पोरगी बोलली. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे."